सोडलेल्या जमिनीचा धनी कोण?



शेतकऱ्याने सोडलेली जमीन आपोआप निसर्गाच्या स्वाधीन होते, ही समजूत गोड असली तरी भाबडी आहे. मालकी, कर्ज आणि बाजारभाव यांचा तिच्यावरचा ताबा सहजासहजी सुटत नाही. अमेरिकेतील महामैदानांचा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतदारांना प्रत्येकी १६० एकर जमीन देऊ केली. ज्या आदिवासी जमातींची ती भूमी होती, त्यांना तेथून हुसकावण्यात आले. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, पाठोपाठ ट्रॅक्टर आले आणि शतकानुशतके माती धरून ठेवणारे गवत उलथून टाकले गेले. १९३० च्या सुमारास भाव कोसळले. कर्ज फेडण्यासाठी शेतकऱ्याने आणखी जमीन नांगरली. आणि मग पावसाने पाठ फिरवली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या वादळाने भरदिवसा काळोख केला. याला दैवी कोप म्हणणे अनेकांच्या सोयीचे होते. परंतु अवर्षण त्या प्रदेशाला नवे नव्हते. नवा होता तो भावाच्या मागे धावणारा नांगर.

ओसाड पडलेली शेते अखेर सरकारने विकत घेतली. १९३७ च्या बँकहेड-जोन्स कायद्याने या खरेदीला भक्कम आधार दिला. गवताचे बी पेरण्यात आले, चराईवर मर्यादा घातली गेली. १९६० मध्ये यांतील सुमारे ३८ लाख एकर जमीन 'राष्ट्रीय गवताळ प्रदेश' म्हणून घोषित झाली. आज असे २० प्रदेश आहेत. तेथे वन्यजीवांना आसरा आहे आणि परवान्याने गुरेही चरतात.

या यशाला दोन मर्यादा आहेत. पहिली मातीची. ईशान्य कोलोरॅडोत पन्नासएक वर्षांनंतर झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की गवत परतले तरी जमिनीचा कस पुरता भरून आलेला नव्हता. दहावीस वर्षांत जे उधळले गेले, ते दोन पिढ्यांतही पुरते परत मिळत नाही. दुसरी मर्यादा माणसांची. जमिनीची किंमत मिळाली ती मालकाला; कुळाजवळ विकायला काहीच नव्हते. सरकारी पुनर्वसनाचा लाभ फार थोड्या कुटुंबांपर्यंत पोहोचला.

दुसरा मार्गही त्याच देशाने चोखाळला. १९८५ पासून शेतकऱ्याला वार्षिक भाडे देऊन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने जमीन पडीक ठेवण्याची योजना सुरू झाली. २००७ मध्ये तिच्याखाली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर क्षेत्र होते. पुढे धान्याचे भाव चढले, करारांच्या मुदती संपल्या आणि लक्षावधी एकर पुन्हा नांगराखाली गेले. भाड्याने घेतलेले संरक्षण भाड्याच्या मुदतीपुरतेच टिकते.

म्हणून पडीक जमीन निसर्गाला परत द्यायची, तर तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतील: जमीन कायमची कोणाच्या मालकीची राहणार? तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीनाला काय मिळणार? आणि तेथील चारा-पाण्यावर स्थानिकांचा हक्क उरणार की नाही? या प्रश्नांना बगल देऊन केलेले निसर्गरक्षण हे गरिबाच्या विस्थापनाचे नवे नाव ठरेल. त्यांना सामोरे जाऊन केलेले निसर्गरक्षण मात्र समाजाच्या समाईक संपत्तीत भर घालील.