सायन्स किट कोणतं घेऊ? (एपिसोडचं लिखित रूप)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय. बोललो तसंच लिहिलंय, तेव्हा भाषेला जरा सांभाळून घ्या.

आजचा विषय ऑफिसच्या ग्रुपवर मिळाला. आमच्या टीममध्ये निम्म्या लोकांना लहान मुलं आहेत, उरलेले माझ्यासारखे काका-मामा. सुट्टी जवळ आली की एक मेसेज हमखास येतो: "पाच वर्षांच्या मुलीसाठी चांगलं आउटडोअर सायन्स किट सुचवा ना." मग खाली धडाधड लिंका पडतात. प्रत्येक लिंकवर तेच चित्र: टोपी घातलेलं पोर, हातात भिंग, मागे हिरवंगार जंगल.

मी आज लिंक देणार नाहीये. चांगलं खेळणं ओळखायचं कसं, आणि विकत न घेता काय काय होतं, ते सांगणार आहे.

आधी त्या खोक्यात असतं काय ते बघू. साधारणपणे एक भिंग, किडे ठेवायची जाळीची बरणी, एक चिमटा, होकायंत्र, शिट्टी आणि प्लॅस्टिकची दुर्बीण. यातलं खरं कामाचं काय? माझ्या मते भिंग आणि बरणी. ती दुर्बीण बहुतेक वेळा नावापुरतीच असते; चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र जुळवणंही जड जातं. भिंग मात्र सोनं आहे, फक्त ते वापरायचं कसं हे कुणी दाखवत नाही. मूल भिंग हवेत कुठेतरी धरतं, सगळं धूसर दिसतं, दोन मिनिटांत खेळ खल्लास. त्याला सांगा: भिंग आधी पानाला टेकव, मग हळूहळू वर उचल. सगळ्यात मोठं आणि स्पष्ट दिसेल तिथे थांब. छोटं, जास्त ताकदीचं भिंग असेल तर उलटं करायचं. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं. बरणीचा नियम एकच: किडा पाहून झाला की जिथून उचलला तिथेच सोडायचा.

आता खेळणं निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. एक, कागदावर दिलंय त्यापेक्षा वेगळं काही मुलाने त्याच्याशी केलं तर चालतं का? दोन, ते चिखलात पडलं किंवा मोडलं तर मोठ्यांचा जीव वर-खाली होतो का? तीन, खेळून झाल्यावर मुलाकडे एखादा नवा प्रश्न उरतो का? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोन हजारांचं किट आणलं की आपण म्हणतो, "नीट वापर हं, महाग आहे." झालं! ते खेळणं कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातं, पाहुणे आले की खाली येतं. मूल त्याला हात लावायला घाबरतं. मग त्यातून विज्ञान कुठून शिकणार?

हा मोडतोडीचा मुद्दा माझा नाही. अरविंद गुप्ता हे नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. हा कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला होता. खेड्यातल्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून बघायचं, हा त्याचा गाभा. तिथे गुप्तांनी काय शोधलं? सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या. नळीच्या छोट्या तुकड्यात काड्या खोचल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो लगेच तिरका होतो. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे बोटांना कळतं, पुस्तकाची गरजच नाही.

पुढे ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते. कचऱ्यातून खेळणी बनवायचे त्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही खेळणी मोडली तर रडायचं कारण नाही, दुसरं करायचं. आमच्या भाषेत बोलायचं तर हे ओपन सोर्स आहे: कोड उघडा, बदला, बिघडवा, परत चालवा.

"पण हे सगळं जुगाड झालं, खरं विज्ञान थोडंच आहे?" असं कुणाला वाटेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट. शर्टाच्या मोठ्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, दोन्ही टोकं बोटांत अडकवून पीळ द्यायचा आणि ताणायचं-सोडायचं, ताणायचं-सोडायचं. बटण गुंईऽऽ करत फिरतं. कुणी भिंगरी म्हणतं, कुणी चकरी. स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश, हेही आयआयटी कानपूरचेच, यांनी युगांडात एका दवाखान्यात रक्त वेगळं करायचं महागडं यंत्र दाराला अडण म्हणून ठेवलेलं पाहिलं, कारण वीजच नव्हती. त्यांच्या टीमने वेगवेगळी खेळणी तपासली आणि या भिंगरीवर येऊन थांबले. २०१७ मध्ये त्यांनी 'पेपरफ्यूज' जगापुढे मांडलं. कागदाच्या चकत्या आणि दोरा, वजन सुमारे २ ग्रॅम, खर्च २० अमेरिकी सेंट, आणि वेग मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत. दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा होतो, तोही विजेशिवाय. म्हणजे आपल्या आजोबांच्या लहानपणीचं खेळणं आज मलेरियाच्या तपासणीच्या कामी येऊ शकतं. तेव्हा 'नुसतं खेळणं' असं म्हणताना जरा थांबा.

बरं, आता बाहेर पडू. तीन खेळ सांगतो, तिन्ही मिळून शंभर रुपयेही लागणार नाहीत.

पहिला, सावलीची काठी. वयाच्या पाचव्या वर्षापासून सहज जमतो. मोकळ्या जागेत एक सरळ काठी उभी करा. गच्ची असेल तर वाळू भरलेल्या बाटलीत खोचा. सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सावली आधी लहान होत जाते, मग परत वाढते. आता मुलाला विचारा, सगळ्यात लहान सावली किती वाजता पडेल? ते म्हणेल बारा वाजता. मोठेही तेच म्हणतील. प्रत्यक्षात मे महिन्यात पुण्यात ती पडते साधारण साडेबाराला, मुंबईत त्याहून चार-पाच मिनिटं उशिरा, आणि नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे घड्याळ चुकलं की सूर्य? दोघंही नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून, ठरते. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो. आम्ही टाइमझोनच्या बगमध्ये रात्री घालवतो आणि त्याचं मूळ इथे गच्चीवर खडूने दिसतं!

आणि मे महिन्यात खास बोनस असतो, शून्य सावली दिवस. कोल्हापूरला साधारण ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. त्या दिवशी काही क्षण काठीची सावली गायब होते. दुसऱ्यांदा ही संधी जुलै-ऑगस्टमध्ये येते, पण तेव्हा सूर्यच ढगात असतो.

दुसरा, पर्जन्यमापक. कोल्ड्रिंकची सरळ बाजूची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा करून नाळक्यासारखा बसवा. कापायचं काम मोठ्यांनी करायचं. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो, म्हणून आत खडे टाका, ते बुडतील इतकं पाणी घाला आणि तिथे शून्याची खूण करा. वर पट्टीने मिलिमीटर आखा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खातंही २४ तासांचा पाऊस त्याच वेळेला मोजतं. बातमीत '५० मिलिमीटर पाऊस' ऐकलं की मुलाला आपल्या बाटलीशी ताडून बघता येतं. १ मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. मोठं भावंड असेल तर त्याला अख्ख्या गच्चीचा हिशोब घालू दे. आकडा ऐकून घरातले मोठेच चाट पडतील.

तिसरा, थेंबाचं भिंग. पारदर्शक प्लॅस्टिकवर पाण्याचा बारीक थेंब टाका आणि खाली वर्तमानपत्रातलं अक्षर ठेवा. अक्षर फुगतं. थेंब जितका लहान, तितका गोल, आणि तितकं मोठं दिसतं. पावसात अळूच्या पानावर हाच खेळ आयता मिळतो.

आता गंभीर भाग. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो आणि तेव्हा दुखतसुद्धा नाही. दुसरं, दिवे-आवाजवाल्या खेळण्यांतले चपटे बटण सेल. गिळले गेले तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घेऊच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा. छोटे ताकदवान चुंबकही तसेच धोक्याचे. दोन गिळले तर आतड्याच्या घड्या मध्ये चिमटतात. आणि खोक्यावर आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

शेवटी जे खरं बोलायचंय ते बोलतो. शहरातल्या सोसायटीत भिंग आहे, पण जमीन नाही. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, बागेत 'गवतावर चालू नये'ची पाटी, आणि खाली उतरलं की "कपडे घाण होतील." मुलींना हे जरा जास्तच ऐकावं लागतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या किंवा बांधकामावरच्या मुलाकडे जमीन भरपूर आहे, मुंग्यांची वारुळं आहेत, पण भिंग नाही. दोघांकडे अर्धं-अर्धंच आहे. आणि वर्गात सायन्स म्हणजे प्रश्नोत्तरं पाठ करणं, ते मात्र दोघांनाही सारखंच.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. दोन हजारांचं एक किट घेण्याऐवजी साधी दहा भिंगं घ्या. एक घरी ठेवा, नऊ जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत बाईंच्या हातात द्या, आणि ते वापरायचं कसं, हेही दाखवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार बाय चार फूट उघडी माती मागा. नुसती माती, लॉन नको. आणि मुलाने "हे असं का?" विचारलं की लगेच फोन काढून उत्तर शोधू नका. "तुला काय वाटतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण उत्तर येत असताना गप्प बसायची आपल्याला सवयच नाही.

चला, आज इथेच थांबतो. सावलीची काठी लावलीत तर तुमच्या गावात सगळ्यात लहान सावली किती वाजता पडली, ते गावाच्या नावासकट कळवा. पुढच्या भागात सगळ्या वेळा एकत्र मांडून बघू, पूर्वेकडून पश्चिमेकडे खरंच उशीर होत जातो का. तोवर काळजी घ्या, आणि उन्हात जाताना टोपी घाला!