मोटारींतला पावसाळा

माझा एक भाचा गेलीं कांहीं वर्षें कॅनडांत, मॉन्ट्रियल शहरीं, राहत आहे. मामाचें मोटारवेड त्यानें पुरतें उचललें असल्यामुळें आमच्या फोनवरील गप्पा प्रकृतीच्या चौकशीपासून सुरू होतात आणि पांच मिनिटांत टायरांवर येऊन ठेपतात. गेल्या नोव्हेंबरांत त्याचा फोन आला, तेव्हां तो गाडीचे चारही टायर बदलून नुकताच घरीं परतला होता. तिकडे, क्वेबेक प्रांतांत, १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर चढविल्यावांचून गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. २००८ सालापासून हिवाळ्यासाठीं तसा कायदाच आहे. साध्या टायरचें रबर थंडीनें कडक होतें आणि सुमारें सात अंशांच्या खालीं त्याची पकड सुटूं लागते; हिवाळी टायर मऊ राहतो व त्याच्या नक्षींतील बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. शिवाय गाडींत फावडें, कांच खरवडण्याची पट्टी आणि एक घोंगडी हीं सदैव असतातच. हें सारें सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुमचें बरें आहे. कोल्हापुरांत बर्फ पडत नाहीं."

बर्फ पडत नाहीं हें खरें. पण त्याच्याकडे हिवाळा येतो तसा आमच्याकडे पावसाळा येतो. तोहि दरसाल येतो, ठराविक महिन्यांत येतो आणि रस्त्याचें रूप पार पालटून टाकतो. त्याच्या गांवीं गाडीला ऋतूसाठीं सिद्ध करणें हा घरोघरचा रिवाज झाला आहे. आमच्याकडे मे महिन्यांत कौलें शाकारतात, छत्र्या झाडून पाहतात, पापड-सांडगे डब्यांत भरून ठेवतात. गाडी मात्र जशी उन्हाळ्यांत होती तशीच उचलून जूनमध्यें घाटांत नेतात.

आणि कोल्हापूरकराला घाट चुकत नाहीं. समुद्राकडे जावयाचें तर सह्याद्रि उतरला पाहिजे. रत्नागिरीच्या वाटेवर आंबा, कणकवलीच्या वाटेवर फोंडा, सावंतवाडीच्या वाटेवर आंबोली. आणि गगनबावड्याहून एक रस्ता करूळ घाटानें वैभववाडीस, तर दुसरा भुईबावड्याच्या घाटानें खारेपाटणाकडे उतरतो. कोल्हापूर शहरांत वर्षाकांठीं सुमारें ४० इंच पाऊस पडतो. अवघ्या ५५ किलोमीटरांवरील गगनबावड्यास तोच २०० इंचांच्या वर जातो. रंकाळ्यावरून निघतांना ऊन असतें, आणि दीड तासानें आपण ढगाच्या पोटांत शिरलेले असतों.

इंग्लंडांतील वाहनचालकांच्या अधिकृत नियमपुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, ओल्या रस्त्यावर गाडी थांबावयास कोरड्या रस्त्याच्या निदान दुप्पट अंतर लागतें, व बर्फावर दसपट. दसपट हा आंकडा ऐकून माणूस सावध होतो. दुप्पट ऐकून होत नाहीं, आणि तेथेंच घात होतो. पहिल्या सरीचा वास कवींना प्रिय असेल, पण रस्त्यावर महिनोन्महिने सांडलेलें तेल त्याच सरीनें वर येतें व डांबर साबणासारखें होतें. पुढें पाऊस लागून राहिला म्हणजे तेल धुऊन जातें आणि दुसरी अडचण सुरू होते. वेगांत फिरणाऱ्या चाकाखालून पाण्याला बाहेर निघावयास वाट हवी. टायरची नक्षी हीच ती वाट. नक्षी झिजलेली असली कीं पाण्याचा पातळ थर चाकाला रस्त्यापासून अलग करतो आणि गाडी क्षणभर होडी होते. स्टिअरिंग फिरवावें तर तें हाताला अगदीं हलकें लागतें. अशा वेळीं ब्रेकवर पाय मारूं नये. एक्सलरेटर हलकेंच सोडावा, चक्र सरळ धरावें, आणि चाकांना जमीन पुन्हां सांपडेपर्यंत धीर धरावा. नक्षीच्या खांचांत १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात, आणि रबर त्यांच्या बरोबरीस आलें म्हणजे टायर संपला. मी त्याच्या दुप्पट नक्षी उरली असतांच टायर बदलतों आणि दर वेळीं घरांत त्यावरून बोलणीं खातों.

धुक्याविषयीं एक-दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. धुक्यांत मोठे दिवे लावले कीं समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण प्रकाश जलकणांवर आदळून आपल्याच डोळ्यांत परत येतो. दिवे खालीं करावे आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालावें. हल्लीं चारही इशाऱ्याचे दिवे लुकलुकत ठेवून घाट उतरण्याची एक रीत निघाली आहे. मला ती मुळींच पसंत नाहीं. मागून येणाराला तुम्ही उभे आहां कीं चालतां हें कळत नाहीं, आणि कोणीकडे वळणार हें तर मुळींच कळत नाहीं.

हें सारें ज्ञान माझ्यापाशीं होतें. गाडी नवी होती, उंच होती, टायर उत्तम होते. सुमारें बारा वर्षांमागची गोष्ट. जुलैच्या शेवटीं आम्ही उभयतां वैभववाडीकडील एक लग्नघर आटोपून परतत होतों. करूळ घाट निर्विघ्न चढलों, गगनबावडा मागें टाकला, आणि मांडुकलीपाशीं कुंभी नदीचें पाणी रस्त्यावर आलेलें दिसलें. एक एस. टी. अलीकडेच थांबली होती. तिचा ड्रायव्हर छत्री धरून रस्त्यांत उभा होता. मीं कांच खालीं केली तेव्हां तो म्हणाला, "सायेब, वीस वर्सं ह्यो रस्ता करतोय. आज म्या थांबलोय. तुमी कुठं निघालाय?" मंडळी म्हणाल्या, "अहो, थांबूं या ना." पण थोड्याच वेळापूर्वीं एक जीप पलीकडे गेली होती, आणि मला वाटलें, जीप गेली तर आपली कां जाणार नाहीं? शौकिनाचा गर्व तो हाच. त्याला रस्त्यापेक्षां आपल्या गाडीची माहिती अधिक असते.

मध्यावर गेलों तों समोरून आलेल्या लाटेबरोबर इंजिनानें हवेऐवजीं पाणी ओढलें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. एक ठोका ऐकूं आला आणि गाडी गप्प झाली. पाणी दारांतून आंत येऊं लागलें, मागचीं चाकें किंचित् उचललीं गेलीं व गाडी हळूंहळूं कडेकडे सरकूं लागली. फूटभर वाहतें पाणी लहान गाडीला तरंगवूं शकतें आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेतें, हें मीं वाचलें होतें. त्या क्षणीं तें मला पायांखालीं कळलें. गांवचीं चार पोरें कमरेला दोर बांधून पाण्यांत उतरलीं. आधीं मंडळींना व मग मला त्यांनीं खिडकींतून बाहेर काढलें. नंतर, रस्त्याकडेच्या एका झाडाला अडकून राहिलेली गाडीहि त्यांनीं दोरानें ओढून आणली. वास्तविक तेथें किल्लीला हात लावावयाचा नव्हता. मीं ती फिरविली, आणि आंतला वांकलेला कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ठोकळा फोडून बाहेर आला. उद्यमनगरांतील माझ्या जुन्या मिस्त्रीनें पुढें तें इंजिन पाहून नुसती मान हालविली.

रात्र आम्हीं गांवांतल्याच एका घरीं काढली. चुलीपाशीं बसून कपडे वाळवीत असतां मंडळी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "त्या पोरांच्या आया तिकडे कांठावर उभ्या होत्या, पाहिल्यात का?" मीं पाहिल्या नव्हत्या. मी गाडीकडे पाहत होतों.

पुढें २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीचा जुना पूल पुरांत कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह त्यांत गेल्या. त्या बातमीनंतर कित्येक रात्री मला नीट झोंप लागली नाहीं. तेथें तर चालकांनीं कांहीं अविचार केला नव्हता. अंधारांत पूल आहे असें धरून चालणें एवढाच त्यांचा दोष. आमच्या पंचगंगेची गोष्ट निराळी. ती सांगून येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका; राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले कीं शहरभर तेंच बोलणें. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्या पुढें गेलें, व शिरोलीपाशीं पुणें-बंगळूरचा राजमार्गच बंद पडला. एवढा मोठा रस्ता थांबतो, तर आपल्या एका गाडीनें थांबावयास काय हरकत आहे?

आतां मे महिन्याच्या अखेरीस मी वायपरचीं रबरें बदलतों, ब्रेक उघडून पाहतों, टायरच्या खांचा मोजतों. डिकींत दोर, बॅटरी, दोन घोंगड्या आणि पिण्याचें पाणी ठेवतों. भाच्यानें फावडें ठेवावें तसेंच हें. पण मुख्य सामान म्हणजे हातांतला मोकळा वेळ; कोंकणांतून परतण्याच्या दुसऱ्या दिवशीं कोणतेंहि काम मी ठेवीत नाहीं. जुन्या गाड्यांचे शौकीन दसरा चौकांत विजयादशमीला छत्रपतींची मेबॅक पाहावयास जमतात, त्यांत मीहि असतों. ती देखणी गाडी दरसाल पाऊस सरतां सरतां दर्शन देते, याचें मला आतांशा मोठें कौतुक वाटतें.

गेल्या जुलैंत पुन्हां त्याच वाटेनें परतत होतों. गगनबावड्यास धुकें इतकें उतरलें होतें कीं हॉटेलाची पाटी दिसेना. मांडुकलीला पाणी आहे असें कळलें, तेव्हां आम्ही दुपारीं तीन वाजतांच तेथें गाडी उभी केली. चहा झाला, भजी झालीं, पुन्हां चहा झाला. भाच्याचा फोन आला. "मामा, निघालांत का?" मीं सांगितलें, "नाहीं रे, बसलों आहोंत." रात्रीं आठच्या सुमारास कोल्हापूरकडून एक दुधाची गाडी वर आली, तिच्या ड्रायव्हरनें पाणी उतरल्याचें सांगितलें. मंडळींनीं उरलेलीं भजी कागदांत बांधून घेतलीं आणि आम्ही निघालों. घरीं पोहोंचावयास साडेदहा वाजले.