न्यायमूर्ती केशवराव कोरटकर



वसंत व्याख्यानमालेत न्यायमूर्तींचे चरित्र सांगावयाचे म्हटले की वक्त्याची दृष्टी पुण्याकडे वळते आणि रानड्यांपाशी थांबते. त्यात गैर काहीच नाही. रानडे आपल्या सर्वांचेच आहेत. पण येथून वसमतकडे गेले की पुरजळ नावाचे गाव लागते. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. १८६७ साली तेथे जन्मलेला एक मुलगा पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचा न्यायाधीश झाला, ही गोष्ट आमच्या शाळांतल्या किती मुलांना ठाऊक असेल? म्हणून आज आम्ही पुण्यास न जाता पुरजळास जाणार आहोत.

केशवरावांनी वकिलीची परीक्षा दिली आणि गुलबर्ग्यास वकिली आरंभिली. त्या काळी निजामी मुलखात वकील होणे म्हणजे काय, हे आज नीट ध्यानी येत नाही. अदालतींची भाषा पूर्वी फारसी होती, ती १८८४ च्या सुमारास उर्दू झाली. वादी कुणबी, प्रतिवादी कुणबी, साक्षीदार त्यांच्याच गावचा पाटील. तिघेही मराठी बोलणार आणि फैसला लिहिला जाणार उर्दूत! तो जिंकणाऱ्यालाही वाचता येत नसे आणि हरणाऱ्यालाही. वकील समजावून सांगेल तोच निकाल. म्हणजे वकिलाच्या जिभेवर पक्षकाराचे शेत टांगलेले असे. पेशी, मिसल, मुचलका हे शब्द आपल्या तोंडी अजून आहेत. त्या शब्दांनी आपल्या आजोबा-पणजोबांची किती झोप उडविली असेल ती तेच जाणोत.

केशवराव ही भाषा शिकले, तिच्यात पारंगत झाले आणि त्या बळावर गुलबर्ग्याहून हैदराबादेस गेले. राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी, पण मोठ्या जागांवर तिची माणसे थोडी. तेथपर्यंत पोचणारा माणूस बहुधा खालच्यांना विसरतो. केशवराव विसरले नाहीत, आणि आमच्या मते त्यांचे मोठेपण न्यायासनापेक्षा येथेच अधिक आहे. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या दोन्ही संस्था १९०७ सालच्या, आणि दोहोंच्या उभारणीत त्यांचा हात आहे. सरकारी शाळांतून वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत. १९१८ पासून सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याची कल्पना थोर होती, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. इतर हिंदुस्थानात त्या वेळी तेवढे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. दुःख एवढेच, की ती देशी भाषा आमच्या घरची नव्हती. ज्या माणसाचा सारा उत्कर्ष उर्दूने झाला त्याने मराठी मुलांसाठी शाळा काढाव्यात, यात उर्दूचा द्वेष नव्हता. मुलाला पहिले ज्ञान आईच्या भाषेत मिळावे एवढाच आग्रह होता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती आपणांस बोचणारी असली तरी. नोव्हेंबर १९२१ मध्ये याच विवेकवर्धिनीच्या जागेत महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. अलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलू लागले, तेव्हा सभेतल्या लोकांनी गलका करून त्यांची थट्टा केली. तेलुगू मंडळी तेथून उठली आणि त्यांनी आपली निराळी संस्था, आंध्र जनसंघ, काढली. आपली भाषा कोणी दाबली की आपण कळवळतो. दुसऱ्याची ऐकताना मात्र हसू येते. असो.

त्याच १९२१ साली निजामाने न्यायखाते मुलकी कारभारापासून वेगळे केले. ब्रिटिश मुलखात काँग्रेस ही मागणी वर्षानुवर्षे करीत होती व ती पदरात पडत नव्हती. मुसेच्या काठी हायकोर्टाची भव्य इमारत १९२० साली उभी राहिलीच होती. त्या हायकोर्टात केशवराव न्यायमूर्ती म्हणून बसले. परंतु सभा भरविण्यासही परवानगी लागावी, असे हे राज्य. १९२९ ची त्रेपन्न क्रमांकाची गश्ती जुन्या मंडळींना आठवत असे. कायदा उत्तम, इमारत उत्तम, पण बोलण्याची बंदी! अशा राज्याचे वेतन घेणारा न्यायाधीश आर्य समाजाचे अध्यक्षपदही सांभाळतो आणि वामन नाईकांसारख्या मित्रांबरोबर लोकजागृतीची कामेही करतो, ही तारेवरची कसरत होती.

पुढच्या पिढीतल्या कित्येकांना हे सारे मवाळ वाटले. तुरुंगात गेलेल्यांनी विचारावे, केशवरावांनी काय सोसले? प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे, की १९३८ साली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यात उतरणारा तरुण आकाशातून पडला नव्हता. त्याला वाचायला शिकविणाऱ्या शाळा, त्याला सभेत उभे राहायला शिकविणाऱ्या संस्था आधीच्या तीस वर्षांत कोणी तरी परवानग्या काढून, वर्गण्या गोळा करून, अधिकाऱ्यांची मर्जी राखून चालविल्या होत्या. हे काम मवाळ खरे. पण ते न करता जहाल होऊन दाखवावे!

२१ मे १९३२ रोजी केशवराव वारले. मुलाला त्यांनी कांगडीच्या गुरुकुलात शिकविले होते. तेच विनायकराव विद्यालंकार. पुढे ते बॅरिस्टर झाले. १९४८ साली रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ संस्थानातल्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला, तेव्हा विनायकराव त्यांच्या पुढे होते. ज्या कोर्टाच्या आसनावर बाप बसला, त्याच कोर्टाच्या दाराकडे मुलाने पाठ फिरविली. बापाला हे रुचले असते की नाही, यावर वाद घालता येईल. आम्हांस वाटते, रुचले असते.

१९५६ साली आपण हैदराबादेपासून सुटलो आणि नांदेड-लातूरच्या पक्षकाराला थेट मुंबईची वाट धरावी लागली. औरंगाबादेस खंडपीठ आले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी. बीडचे नरेंद्र चपळगावकर, ज्यांनी लातुरात मराठी शिकविली, ते १९९० साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि २०२३ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडू लागली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला.