छायाचित्रांसाठी संगणक : सुटे भाग निवडताना
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी मंडळी बोलून गेल्यानंतर संगणकाच्या सुट्या भागांविषयी बोलावयास मला उभे करण्यात आले आहे. विषय रूक्ष आहे खरा. पण निमंत्रण देताना कार्यवाहांनी माझ्यासमोर ठेवलेला प्रश्न मुळीच रूक्ष नव्हता. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत काचेच्या निगेटिव्ह प्लेटा आहेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेली समूहचित्रे आहेत, नाट्यप्रयोगांची आणि गणेशोत्सवांची छायाचित्रे आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले काही ना काही कमी होते. कुठे बुरशी धरते, कुठे काळ्या भागावर चांदीची झाक चढते, कुठे चित्र फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसते. हे सारे संगणकात उतरवून, डाग काढून, नीट जतन करावयाचे आहे. देणगीदारांनी त्यासाठी पैसा दिला आहे. तो कोणत्या भागावर किती खर्चावा, हा प्रश्न आहे.

इंदूरला या कलेचा वारसा मोठा आहे. लाला दीनदयाळ रुरकीहून शिकून आले, येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागले आणि येथेच कॅमेऱ्याच्या नादी लागले. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला, हे सर्वश्रुत आहे. आपल्या संग्रहातील प्लेटा एवढ्या थोर हातांच्या नसतील. परंतु त्यांतील माणसे आपली आहेत.

मला दोन दुकानांची दरपत्रके दाखवण्यात आली. दोन्हींची घडण सारखीच होती : निम्म्याहून अधिक रक्कम ग्राफिक्स कार्डावर, आणि उरल्यासुरल्या पैशांत कसाबसा बसवलेला मॉनिटर. खेळ खेळणाऱ्या तरुणासाठी ही विभागणी योग्य असेल. छायाचित्रावर काम करणाऱ्यासाठी ती उलटी आहे. आपल्याला डोळ्यांनी निर्णय घ्यावयाचा आहे. तो ज्या काचेतून घ्यावयाचा, तीच अंधूक असेल तर आत कितीही वेगवान यंत्र असून काय उपयोग? म्हणून मी मॉनिटरपासून आरंभ करतो.

मॉनिटरचे पॅनेल आयपीएस जातीचे असावे. स्वस्तातले टीएन पॅनेल खालून पाहिले तर चित्र काळवंडते आणि वरून पाहिले तर फिकटते. व्हीए जातीचे पॅनेल काळा रंग सुरेख दाखवते, पण बाजूने पाहताना गडद छटांचा तोल ढळतो. जुन्या छायाचित्रात तर सारा जीव त्या गडद छटांतच असतो. काळ्या कोटावरची घडी, पगडीच्या आतली सावली, सभागृहाच्या मागच्या रांगेतले चेहरे हे सर्व तेथेच दडलेले असते. आकार २७ इंच आणि बिंदूंची संख्या २५६० गुणिले १४४० असली की आपल्या कामास पुरे. रंगांच्या बाबतीत दोन मोजमापे दुकानदार सांगतील : १९९६ साली पुढे आलेले एसआरजीबी आणि १९९८ सालचे, अधिक विस्तृत असे, ॲडोबी आरजीबी. पहिले पूर्णपणे दाखवणारा मॉनिटर घ्यावा. दुसऱ्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. आपला बहुतेक संग्रह काळा-पांढरा आणि तपकिरी आहे, रंगीत कलाचित्रांचे मुद्रण आपण करीत नाही.

मात्र मॉनिटर घेऊन काम संपत नाही. कारखान्यातून येताना तो दुकानात उठून दिसावा इतका प्रखर ठेवलेला असतो. त्या उजेडात चित्र दुरुस्त केले की छापून आल्यावर ते काळेकुट्ट दिसते आणि दोष बिचाऱ्या छापखान्याला जातो. पडद्याचा उजेड चौरस मीटरला १०० कँडेलांच्या आसपास आणावा. रंग मोजण्यासाठी कलरिमीटर नावाचे, पडद्यावर टेकवून ठेवण्याचे, मुठीएवढे उपकरण मिळते. ते घेऊन महिन्यातून एकदा पडदा जुळवून घ्यावा. दरपत्रकात याचे नावही नव्हते. माझ्या मते, प्रसंगी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण हे उपकरण सोडू नये. आणि खोलीतली भिंत, जिच्यासमोर बसून काम करावयाचे, ती भडक रंगाची नसावी. आपल्या वाचनकक्षाची हिरवी भिंत मला प्रिय आहे, पण त्या भिंतीपाशी हा संगणक ठेवू नये.

आता स्मृतीकडे, म्हणजे रॅमकडे, वळतो. येथे थोडा हिशेब केल्यावाचून गत्यंतर नाही. हाफ-प्लेट म्हणजे पावणेपाच इंच गुणिले साडेसहा इंचांची काच. ती इंचास १२०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केली की ५७०० गुणिले ७८००, म्हणजे ४ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदू होतात. कागदावरचे चित्र काळे-पांढरे असले तरी ते रंगीत म्हणूनच उतरवावे असा माझा आग्रह आहे. कारण पिवळा डाग निळ्या रंगाच्या थरात ठसठशीत दिसतो आणि तांबड्या थरात जवळजवळ नाहीसा होतो. अनेकदा केवळ तो तांबडा थर निवडला की अर्धी दुरुस्ती आपोआप होऊन जाते. तीन थर, प्रत्येक बिंदूस दर थरामागे दोन बाइट, असे धरले तर एवढ्याच आकाराचे एक चित्र सुमारे २६७ मेगाबाइटचे होते. दुरुस्ती करताना मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे लेअर चढत जातात. तसे पूर्ण आठ झाले की दोन गिगाबाइट ओलांडले जातात. शिवाय मागे फिरता यावे म्हणून प्रणाली प्रत्येक पावलाची आठवण ठेवते, ती वेगळीच. यावरून १६ गिगाबाइट ही किमान मर्यादा आणि ३२ गिगाबाइट हे समाधानाचे माप ठरते. ३२ची एकच पट्टी न घेता १६च्या दोन घ्याव्यात; दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरला त्यांच्याशी दुहेरी वाटेने व्यवहार करता येतो. ६४ची आपल्याला गरज नाही. पण मदरबोर्डावर चार खाचा असाव्यात, म्हणजे पुढे वाव राहतो.

प्रोसेसरविषयी फार बोलण्यासारखे नाही. डाग पुसण्याचे, ब्रश फिरवण्याचे काम बहुतांशी एका कोअरच्या वेगावर चालते. शंभर चित्रे एकदम छोटी करून काढण्याचे काम अनेक कोअर वाटून घेतात. सहा किंवा आठ कोअरचा, मधल्या श्रेणीचा, अलीकडचा प्रोसेसर दोन्ही कामे उत्तम करतो. सर्वांत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर दुप्पट किमतीत दुप्पट काम देत नाही. तो तापतो मात्र अधिक. इंदूरच्या मे महिन्यात, जेव्हा खोलीतच चाळीस अंशांच्या जवळपास पारा असतो, तेव्हा याचा विचार करावा लागतो. चांगला धातूचा कूलर आणि मोठा पंखा पुरे. पाण्याने गार करण्याच्या नळ्या ग्रंथालयात नकोत. मदरबोर्ड निवडताना प्रोसेसरची बैठक, म्हणजे सॉकेट, पुढे किती वर्षे चालेल ते पाहावे. एएमडीची एएम-४ ही बैठक २०१६ साली आली आणि कितीतरी वर्षे तिच्यावर नवे प्रोसेसर बसत राहिले. तिच्या जागी २०२२ साली आलेल्या एएम-५ बद्दल म्हणूनच मला आशा वाटते. एक सूचना : कोणा हितचिंतकाने जुना संगणक देऊ केला तर आभार मानावेत, पण तपासून घ्यावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ स्वीकारीत नाहीत. फोटोशॉपचे वार्षिक शुल्क परवडणार नसेल तर लिनक्स आणि त्यावर गिंप ही विनामूल्य प्रणाली घेऊन हे काम उत्तम करता येते.

आता ग्राफिक्स कार्डाकडे येतो. मला ठाऊक आहे, या मुद्द्यावर काही तरुण सभासदांचे माझ्याशी मतभेद आहेत. त्यांचे म्हणणे असे की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर आता फाटलेले चेहरे पुन्हा भरता येतात, काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग भरता येतात, आणि त्यासाठी जबरदस्त कार्ड हवे. पहिली गोष्ट व्यवहाराची. फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेली, रिकामी जागा आपणहून भरणारी सोय त्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर चालते. तुमच्या मेजावरचे कार्ड कितीही महाग असो, ते तेथे कामास येत नाही. चित्रातील खरखर काढण्यासारखी काही कामे कार्डावर झपाट्याने होतात हे खरे. पण आजच्या प्रोसेसरांत अंगचीच जी ग्राफिक्सची सोय असते, ती आपल्या कामाला पुरते.

दुसरी गोष्ट तत्त्वाची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. समूहचित्रात दुसऱ्या रांगेतल्या कोणा गृहस्थाचा चेहरा बुरशीने खाल्ला आहे. यंत्राला सांगितले तर ते तेथे एक नाक, दोन डोळे आणि झुबकेदार मिशा भरून देईल. चित्र सुबक दिसेल. पण तो चेहरा त्या गृहस्थाचा नसेल. हजारो परक्या चेहऱ्यांची सरासरी काढून बेतलेला तो कोणी भलताच इसम असेल. उद्या त्यांची पणती हे चित्र पाहावयास आली तर आपण तिला काय दाखवणार? पगडी लाल होती की केशरी, हे काळ्या-पांढऱ्या प्लेटेने सांगितलेले नाही; यंत्र ते ठासून सांगते. ग्रंथालयाने हे करू नये. गेलेला भाग गेलेलाच दिसू द्यावा, करड्या रंगाने सपाट भरावा, आणि मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, एकही बिंदू न बदलता, वेगळा ठेवावा. दुरुस्ती नेहमी त्याच्या प्रतीवर करावी. घरच्या भिंतीवर लावण्यासाठी कोणास रंगीत चित्र करून हवे असेल तर त्याने खुशाल करावे. आपल्या संग्रहाचा शिक्का मात्र त्यावर नको. या कारणास्तव कार्डासाठी ठेवलेली रक्कम मी मॉनिटर, कलरिमीटर आणि साठवण यांकडे वळवण्याची शिफारस केली आहे. बोर्डावर कार्डाची खाच रिकामी राहीलच.

साठवणीत दोन जाती एकमेकींस पूरक आहेत. कामासाठी एनव्हीएमई जातीची, एक टेराबाइटची एसएसडी असावी. रॅम अपुरी पडली की प्रणाली तिच्यावरच पसारा मांडते. सेकंदाला काही हजार मेगाबाइट देणारी ही डिस्क आणि सेकंदाला दोनएकशे देणारी फिरती हार्ड डिस्क यांतला फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. पण कायम साठवणीसाठी ती फिरती डिस्कच बरी. चार टेराबाइटच्या डिस्कवर वर सांगितलेल्या मापाचे सुमारे १५ हजार मूळ स्कॅन मावतात. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातला मजकूर विरू लागण्याचा धोका असतो. शिवाय एकच प्रत म्हणजे एकही प्रत नाही, असे समजून चालावे. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी या इमारतीबाहेर. ज्या कपाटात प्लेटा आहेत त्याच कपाटात त्यांच्या प्रतीची डिस्क ठेवणे म्हणजे एका छताखाली दोन्हींचा विमा उतरवण्यासारखे आहे.

उरलेले थोडक्यात. पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा, कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला घ्यावा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा घेऊ नये. कॅबिनेट साधे असावे, धूळ अडवणारी जाळी काढून धुता यावी, आतल्या रंगीबेरंगी दिव्यांचे पैसे देऊ नयेत. यूपीएस अत्यावश्यक. ६०० व्हीएचा लहान यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार घेतो; आपला संगणक आणि मॉनिटर त्यात बसतात, स्कॅनर आणि प्रिंटर त्याला जोडू नयेत. आणि इमारत जुनी आहे म्हणून सांगतो : त्या खोलीचे अर्थिंग एखाद्या वायरमनकडून आधी तपासून घ्या. स्कॅनर घेताना तो सीसीडी जातीचा आणि काचेच्या प्लेटेमागून प्रकाश देण्याची सोय असलेला पाहावा; सीआयएस जातीच्या चपट्या स्कॅनरवर वाकलेले चित्र काचेपासून जरा उचलले गेले की धूसर येते.

भाग जुळवून झाल्यावर पहिल्याच दिवशी प्लेटा काढू नयेत. रॅम तपासणारी प्रणाली रात्रभर चालू ठेवावी. पट्टी सदोष असेल तर ती येथेच पकडली जाते, नाहीतर चित्रे साठवताना नकळत बिघडत राहतात. मग आठवडाभर साधी कामे करावीत. प्रत्येक भागाची हमी वेगळी असते, कोणाची तीन वर्षे, कोणाची पाच. तेव्हा पावत्या सुट्या ठेवू नयेत. पुस्तकांच्या दाखलनोंदवहीत जशी आपण नोंद करतो, तशी या आठ-दहा भागांची एक स्वतंत्र नोंद करून, पावत्या तिला चिकटवून, ती वही ग्रंथपालांच्या मेजात ठेवावी.