कंपन्या तीन, दरवाढ एकदमच

वडवणीतून बोलतोय. विषय रिचार्जचा.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, महिनोन् महिने फुकट नेट मिळालं अन् बाकीच्यांनाही भाव पाडावे लागले. पुढं २०१८ मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या, एअरसेल बुडाली. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत दर वाढवले. जिओचा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक ६६६ वरून ७९९ वर गेला. बीएसएनएलनं तेवढे वाढवले नाहीत, तर लोक लगेच तिकडं वळले.

आता ऊसतोडीला गेलेल्या लेकराची खुशाली विचारायला बटणाचा मोबाईल ठेवणाऱ्या आजीनं जीबीचं काय करायचं? तिला फक्त बोलायचंय! अन् महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. हे कॅलेंडर कुठलं, देव जाणे.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नेटशिवायचा, नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक ठेवायला लावला. जानेवारी २०२५ मध्ये जिओनं तसा ८४ दिवसांचा ४४८ ला आणला. थेट साडेतीनशेचा फरक. पण दुकानात तो आपणहून कोण सांगणार? आजीचा फोन घेऊन जाल तेव्हा ‘बिगर नेटचा द्या’ असं स्पष्ट म्हणा.