प्रवासांत कोणती वेधशाळा पाहावी?

सुटींतील प्रवास आंखतांना देवळें, किल्ले आणि समुद्रकिनारे यांना दिवस मिळतात. आकाशाच्या वांट्यास क्वचितच एखादी संध्याकाळ येते. ती वाया जाऊं नये म्हणून प्रवाशानें आधींच ठरवावें, कीं आपणांस पाहावयाचें आहे तें काय: यंत्रें, सूर्य, कीं रात्रीचें आकाश?

यंत्रांची आवड असल्यास जयपूर गांठावें. सवाई जयसिंगानें अठराव्या शतकांत उभारलेल्या जंतरमंतरांतील सम्राटयंत्र सुमारें २७ मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून २ सेकंदांइतकी सूक्ष्म वेळ वाचतां येते. तेथें ऊन हेंच साधन. ढगाळ दिवस टाळावा. सूर्याविषयीं जिज्ञासा असलेल्यानें कोडाईकनालची वेधशाळा निवडावी. तेथेंच सन १९०९ मध्यें जॉन एव्हरशेड यांनीं सूर्यडागांतून बाहेरच्या दिशेनें वाहणारा वायूंचा प्रवाह शोधून काढला. रात्रीच्या आकाशासाठीं लडाखमधील हानले उत्तम. उंची सुमारें ४,५०० मीटर, हवा कोरडी, दिव्यांचा उजेड अत्यल्प. परंतु तेथील विरळ हवा वृद्धांस व लहान मुलांस सोसेलच असें नाहीं. अशा कुटुंबानें शहरांतील तारांगण पाहावें. घुमटावरचें तें आकाश भर पावसाळ्यांतहि निरभ्र असतें.

वेधशाळा ही मूळांत संशोधकांची कार्यशाळा होय. ती प्रेक्षकांस कोणत्या दिवशीं खुली असते, हें निघण्यापूर्वीं पत्र पाठवून विचारावें. तारे पाहावयाचे तर पौर्णिमा सोडून अमावास्येच्या आसपासची तिथि धरावी. मगच गाडीचें तिकीट काढावें.