खंडणी, कुलूप आणि किल्ली



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावरील दरोड्याविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ‘रॅन्समवेअर’ या शब्दाचा अर्धा अर्थ आपल्या जुन्या ‘खंडणी’त आहे, आणि शिंद्यांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या वस्तीला तो शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही.

पूर्वी ओलीस शत्रूच्या गोटात असे. येथे दप्तर आपल्याच कपाटात राहते. कुलूप मात्र परक्याचे लागते. फसवे पत्र, चोरलेला परवलीचा शब्द किंवा दुरुस्त न केलेली आज्ञावली यांतून चोर आत शिरतो, यंत्रामागून यंत्र काबीज करतो आणि सारी माहिती कूटलिपीत बदलून किल्लीचे मोल मागतो.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीतून ‘नॉटपेट्या’ पसरला. त्याने मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीस ग्रासले आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मागणी दर यंत्रामागे ३०० डॉलरची होती; पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. म्हणजे ते खंडणीच्या वेषातील निखळ विध्वंसन होते. तो ज्या फटींतून पसरला, त्यांपैकी एकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

मर्स्कला तारले घानातील कचेरीने. वीज गेल्यामुळे तेथील एक संगणक जाळ्यापासून तुटला होता, म्हणून त्यातील प्रत वाचली. पुढे दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करावे लागले.

तेथे योगायोगाने घडले, ते आपण नियमाने करावे. आज शाळांचे दाखले आणि निकाल संगणकात आहेत. एका मुलीचा दाखला अडला तर तिचे वर्ष जाते. म्हणून दप्तराची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवा आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहा. दुरुस्त्या वेळेवर करा. परवलीच्या शब्दाला दुसऱ्या ओळखीची जोड द्या. प्रत्येकाच्या हाती साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या नकोत. घाला पडलाच तर यंत्र जाळ्यापासून तोडा. २०२२ च्या निर्देशांनुसार ‘सर्ट-इन’ला सहा तासांत कळवायचे असते.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. फसवे पत्र उघडणाऱ्या लिपिकाला दरडावू नका. भयाने तो तासभर गप्प राहिला, तर तेवढा तास चोराला मिळतो. ज्या संस्थेत चूक निर्भयपणे सांगता येते, तिची तटबंदी अधिक भक्कम असते.